‘रन’चे ६४५ अर्थ

इंग्रजीत सर्वांत जास्त अर्थ कोणत्या शब्दाला असतील, असे विचारले तर मनात एखादा भारदस्त, लांबलचक शब्द येतो. प्रत्यक्षात हा मान जातो रोमन लिपीतल्या तीन अक्षरांच्या एका क्रियापदाकडे. क्रिकेटच्या कृपेने तो आपल्याकडे गल्लीतल्या पोरालाही ठाऊक आहे. तो शब्द म्हणजे ‘रन’. ऑक्सफर्ड इंग्लिश डिक्शनरीने २०११ मध्ये या शब्दाची नोंद नव्याने लिहून काढली, तेव्हा क्रियापद म्हणून त्याचे ६४५ अर्थ भरले. नाम म्हणून होणारे अर्थ यात धरलेले नाहीत. म्हणजे धावफलकावर लागणारा रन हा या ६४५ च्या बाहेरचाच.

हे काम पीटर गिलिव्हर या कोशकाराकडे होते आणि एवढ्या एका शब्दापायी त्याचे नऊ महिने गेले. त्याआधी हा मान बरीच वर्षे ‘सेट’कडे होता. १९८९ च्या वीस खंडी दुसऱ्या आवृत्तीत ‘सेट’चे ४३० अर्थ नोंदले होते आणि ती एक नोंद साठ हजार शब्दांची, म्हणजे एखाद्या कादंबरीएवढी होती. गिनेस बुकानेही त्याची दखल घेतली. पुढे २००० पासून कोशाची तिसरी आवृत्ती संगणकावर आकार घेऊ लागली. संपादकांनी फेरतपासणी ‘ए’पासून न करता ‘एम’पासून सुरू केली, कारण सुरुवातीच्या अक्षरांची जुनी कामे पद्धत पुरती बसण्याआधीची होती आणि त्यांना हात घालण्यापूर्वी घडी नीट बसवायची होती. या क्रमात आधी ‘मेक’ने ‘सेट’ला मागे टाकले, २००७ मध्ये ‘पुट’ने ‘मेक’ला आणि २०११ मध्ये ‘रन’ने सगळ्यांना. या यादीत एकही विद्वज्जड शब्द नाही. करणे, ठेवणे, मांडणे, धावणे अशी रोजच्या वापरातली क्रियापदेच पुढे आहेत.

अर्थ मोजतात कसे?

अर्थ काही झाडाला लगडलेले नसतात, की मोजले आणि संपले. ते कोणीतरी ठरवावे लागतात. ऑक्सफर्डचा कोश करावा ही कल्पना लंडनच्या फिलॉलॉजिकल सोसायटीत १८५७ साली पुढे आली. जेम्स मरे यांनी १८७९ मध्ये संपादनाची सूत्रे घेतली, १८८४ मध्ये पहिला भाग निघाला आणि १९२८ मध्ये काम पुरे झाले. मरे १९१५ मध्येच वारले होते. ‘आर’ या अक्षराची जबाबदारी विल्यम क्रेगी यांच्याकडे होती, म्हणजे ‘रन’ पहिल्यांदा त्यांच्या हाताखालून गेला.

कोशाची पद्धत अशी होती. जगभरचे हौशी वाचक जुनी-नवी पुस्तके वाचत, एखादा शब्द लक्षणीय रीतीने वापरलेला दिसला की ते वाक्य कागदाच्या लहानशा चिठ्ठीवर उतरवत आणि लेखक, पुस्तक व साल लिहून मरे यांच्याकडे धाडत. ऑक्सफर्डमध्ये मरे यांच्या घरामागच्या बागेत पत्र्याची एक शेड होती. तिच्या भिंतींना लावलेल्या खणांमध्ये या चिठ्ठ्या लाखांनी साठत. मग संपादक एका शब्दाच्या चिठ्ठ्या टेबलावर पसरून त्यांचे ढीग लावी. एका जातीचा वापर एका ढिगात, जरा वेगळा वाटला तर दुसऱ्या. जितके ढीग तितके अर्थ. ढिगांचा क्रम सालानुसार लागे, म्हणजे सर्वांत जुना अर्थ आधी. आता चिठ्ठ्यांची जागा संगणकाने घेतली आहे, ढीग लावण्याचे काम मात्र अजून माणसाच्याच डोक्याने होते.

दोन वापर एकाच ढिगात टाकायचे की वेगळ्या, हे तपासण्याची एक गमतीदार कसोटी आहे. दोन्ही वापर एकाच वाक्यात, एकाच क्रियापदावर बसवून पाहायचे. ‘त्याला भूक आणि तहान लागली’ हे वाक्य सरळ जाते, कोणाला काही खटकत नाही. ‘त्याला सकाळी भूक आणि दुपारी नोकरी लागली’ म्हटले की हसू येते. हसू आले की समजावे, ढीग दोन आहेत. ‘रन’चेही तसेच. एखादी बाई कंपनी रन करते आणि मॅरेथॉनही रन करते, हे एका क्रियापदात कोंबले की इंग्रज वाचकही गालात हसतो.

अर्थात कसोटी असली तरी कोशकारांचे स्वभाव असतात. कोणी बारीक बारीक फोडी करतो, कोणी जवळपासचे अर्थ एकात घालतो. खिशातल्या कोशात ‘रन’चे वीस-तीस अर्थ आटोपतात. ६४५ हा आकडा त्या शब्दाइतकाच त्या कोशाच्या शिस्तीचाही आहे.

पायाने आणि पाण्याने

पसारा एवढा असला तरी त्याचे मूळ दोन-तीन ठिकाणी नेमके सापडते. जुन्या इंग्रजीत ‘रिनन’ आणि त्याच शब्दाची अक्षरे उलटसुलट झालेले ‘इर्नन’ अशी रूपे होती. त्यांत पायांनी धावणे आणि पाण्याचे वाहणे हे दोन्ही अर्थ होते. जर्मनमध्ये ही भावंडे वेगळी राहिली. ‘रेनन’ म्हणजे धावणे आणि ‘रिनन’ म्हणजे वाहणे, झिरपणे. इंग्रजीत ती एकाच शब्दात नांदतात. म्हणून इंग्रजीत घोडा रन करतो, नदी रन करते, नळ रन करतो, सर्दी झाली की नाकही रन करते आणि कच्च्या रंगाचे कापड धुतले की रंगही रन करतो. मराठीत घोडा धावतो, नदी वाहते, नळ चालू राहतो, नाक गळते आणि रंग जातो. आपल्याकडे पाच क्रियापदे झाली, त्यांच्याकडे एकावर भागले.

दुसरे मूळ मराठी वाचकाला चटकन कळेल, कारण ते आपल्या व्याकरणात अजून ठसठशीत आहे. आपण चालणे आणि चालवणे वेगळे ठेवतो, पळणे आणि पळवणे वेगळे ठेवतो. कर्ता स्वतः करतो की दुसऱ्याकडून करवतो, हे क्रियापदाच्या रूपावरूनच कळते. शाळेत आपण याला प्रयोजक क्रियापद म्हणतो. जुन्या इंग्रजीतही हा भेद होता. ‘इर्नन’ म्हणजे धावणे, तर ‘अर्नन’ हे त्याचे प्रयोजक भावंड. घोडा दामटणे, घोड्यावरून दौड मारणे असा त्याचा अर्थ. काळाच्या ओघात उच्चार झिजले, प्रत्यय गळून पडले आणि दोन्ही क्रियापदे एकाच ‘रन’मध्ये मिसळली. तेव्हापासून ‘रन’ म्हणजे चालणेही आणि चालवणेही. दुकान रन होते आणि मालक दुकान रन करतो. गाडी रन होते आणि महामंडळ गाड्या रन करते.

एवढ्या एका विलीनीकरणाने अर्थांची संख्या किती वाढली असेल, पाहा. ज्या ज्या अर्थाने वस्तू ‘चालते’, त्या जवळजवळ प्रत्येक अर्थाला ‘चालवतो’ अशी जोडी मिळाली. इतर काही क्रियापदांत मात्र ही जुनी जोडी इंग्रजीत तगून आहे. ‘सिट’ म्हणजे बसणे आणि ‘सेट’ म्हणजे बसवणे. ‘फॉल’ म्हणजे पडणे आणि झाड ‘फेल’ करणे म्हणजे पाडणे. ‘राइज’ आणि ‘रेज’ हे उठणे-उठवणे. म्हणजे आधीचा विजेता ‘सेट’ हाही मुळात प्रयोजकच. बसवणे म्हटले की काय काय बसवता येते, याची यादी मराठीतही थोडकी नाही. खडा बसवता येतो, नाटक बसवता येते, घडी बसवता येते, गणपती बसवता येतो आणि दहशतही बसवता येते.

यंत्रे आली आणि ‘रन’ची चंगळ झाली

क्रेगी यांच्या काळापासून गिलिव्हर यांच्या काळापर्यंत ‘रन’ इतका का फुगला, याचे एक कारण यंत्रे. यंत्राला पाय नाहीत, पण ते हलते, फिरते, थांबते आणि पुन्हा सुरू होते. अशा नव्या वस्तूसाठी भाषा सहसा नवे क्रियापद घडवत बसत नाही, हाताशी असलेले चालवून घेते. आगगाड्या रन होऊ लागल्या, गिरण्या रन होऊ लागल्या, इंजिने रन होऊ लागली. मग संगणकाचे प्रोग्रॅम आले, तेही रन होऊ लागले. आपणही नेमके हेच केले, फक्त धावण्याऐवजी चालणे निवडले. घड्याळ चालते, पंखा चालतो, इंटरनेट चालत नाही, आणि दुकानदाराने विचारले तर जुनी नोटही चालते.

‘रन’चे काही अर्थ तर असे आहेत की ज्यात काहीच हलत नाही. रस्ता नदीच्या काठाने रन करतो, कुंपण शेताच्या बाजूने रन करते, खांद्यापासून कोपरापर्यंत एक व्रण रन करतो. रस्ता तर तसूभरही सरकत नाही, फिरते ती पाहणाऱ्याची नजर. हलणाऱ्या नजरेचे क्रियापद न हलणाऱ्या वस्तूला चिकटते. मराठीतही रस्ता गावाकडे ‘जातो’, वाट डोंगरावर ‘चढते’ आणि घाट ‘उतरतो’. या बाबतीत जगातल्या बऱ्याच भाषा एकाच पंगतीला बसतात.

काही ठिकाणी मात्र एकाच इंग्रजीची दोन घरे वेगळी बोलतात. बायकांच्या तलम पायमोज्याचा धागा सुटून उभी चीर गेली तर अमेरिकेत तिला ‘रन’ म्हणतात आणि ब्रिटनमध्ये ‘लॅडर’, कारण ती शिडीसारखी दिसते. अमेरिकेत उमेदवार अध्यक्षपदासाठी ‘रन’ करतो, ब्रिटनमध्ये उमेदवार ‘स्टँड’ करतो. अमेरिकन निवडणुकीची भाषा घोड्यांच्या शर्यतीतून आलेली आहे. उपाध्यक्षपदाच्या उमेदवाराला म्हणतात तो ‘रनिंग मेट’ हा मुळात मुख्य घोड्याला वेग धरून देणारा त्याच तबेल्यातला दुसरा घोडा. आपण ब्रिटिश वळणाचे. आपला उमेदवार निवडणुकीला उभा राहतो, आणि उभा राहिलेलाच पडू शकत असल्याने हरलेला उमेदवार आपल्याकडे ‘पडतो’.

नामाचा संसार आणखी वेगळा. क्रिकेटमधला रन हा खरे तर एक धाव आणि त्या धावेची नोंद अशा दोन्ही गोष्टींचे नाव आहे. अगदी सुरुवातीच्या काळात गुणलेखक काठीवर चाकूने खाचा पाडून हिशेब ठेवत आणि गुणांना ‘नॉच’, म्हणजे खाच असेच म्हणत. पुढे कागदावर हिशेब आला, खाच मागे पडली आणि रन उरला. आज फलंदाज चौकार मारतो तेव्हा जागचा हलतही नाही, तरी नावावर चार रन लागतात. बँकेवरचा ‘रन’ म्हणजे घाबरलेल्या ठेवीदारांची पैसे काढायला उडालेली झुंबड. ९ मार्च २०२३ या एका दिवसात अमेरिकेतल्या सिलिकॉन व्हॅली बँकेकडे ४२ अब्ज डॉलर काढून घेण्याच्या मागण्या आल्या. त्यातल्या बहुतेक लोकांनी बसल्या जागेवरून फोन किंवा संगणक वापरला. धावले कोणीच नाही, तरी नाव ‘रन’च.

आपण काय उचलले?

भाषा परका शब्द उचलते तेव्हा सगळा पसारा उचलत नाही, कामापुरती एखादी फांदी तोडून आणते. मराठीने ‘रन’च्या अशा काही फांद्या आणल्या आणि आपल्या अंगणात लावल्या. मुंबईच्या लोकलमध्ये फलाटाला लागत असलेली गाडी थांबायच्या आत पकडणे म्हणजे ‘रनिंगमध्ये चढणे’. ‘विंडो हवी तर रनिंगमध्येच पकडावी लागते’ हे वाक्य लंडनच्या माणसाला कळणार नाही, दादरच्या माणसाला समजावून सांगावे लागणार नाही. जिवावर बेतणारे ते काम असले तरी शब्द मात्र पक्का रुजला आहे. सुतार फर्निचरचा भाव ‘रनिंग फुटा’वर सांगतो, म्हणजे रुंदी-उंची ठरलेली धरून फक्त लांबी मोजायची. ठेकेदार काम चालू असतानाच झालेल्या कामापुरते ‘रनिंग बिल’ लावतो. रेल्वेत इंजिनचालकांनी आणि गार्डांनी दोन फेऱ्यांच्या मध्ये झोप घ्यायची जागा म्हणजे ‘रनिंग रूम’. नाव धावण्याचे आणि काम आडवे होण्याचे. करोना लसीकरणाआधी २ जानेवारी २०२१ रोजी देशभर सराव झाला, तेव्हा ‘ड्राय रन’ हा शब्दही वर्तमानपत्रांतून घरोघर पोचला. खरे तर त्याच्यासाठी ‘रंगीत तालीम’ हा नाटकवाल्यांचा झकास शब्द तयार होता.

उलट काही ठिकाणी मराठीने उसने न घेता आपला शब्द घडवला. ‘रन आउट’चे ‘धावचीत’ झाले. त्यातले ‘चीत’ कुस्तीच्या आखाड्यातले, पाठ टेकवण्याचे. आणि ‘रनिंग कॉमेंटरी’चे ‘धावते समालोचन’ झाले.

‘रन आउट’वरून आठवले, ‘रन’च्या ६४५ पैकी मोठा वाटा अशा जोडगोळ्यांचा आहे. मागे एखादे चिमुकले अव्यय लागते आणि अर्थाचा सांधा बदलतो. ‘रन आउट’ म्हणजे घरातली साखर संपणे. ‘रन इन्टू’ म्हणजे अचानक गाठ पडणे, किंवा गाडी जाऊन धडकणे. ‘रन अप’ म्हणजे उधारी चढवून ठेवणे. ‘रन ओव्हर’ म्हणजे गाडीखाली चिरडणे, किंवा ठरलेल्या वेळेपेक्षा कार्यक्रम लांबणे. ‘रन डाउन’ने तर कमाल केली आहे. बॅटरी उतरली, माणूस थकला, वाडा मोडकळीला आला, शेजाऱ्याची निंदा केली किंवा रस्त्यावर कोणाला उडवले, या सगळ्याला तेच दोन शब्द पुरतात.

मग गोंधळ का होत नाही?

एका शब्दाला अनेक अर्थ असण्याला फ्रेंच पंडित मिशेल ब्रेआल यांनी १८९७ मध्ये ‘पॉलिसेमी’ असे नाव दिले. आपण त्याला अनेकार्थता म्हणतो. मात्र उच्चार एक आणि मुळे वेगळी असतील तर तो प्रकार निराळा. मराठीत ‘नाव’ म्हणजे नाम आणि ‘नाव’ म्हणजे होडी. पहिले संस्कृत ‘नामन्’वरून आलेले, दुसरे ‘नौ’वरून. ते एका शब्दाचे दोन अर्थ नाहीत, योगायोगाने सारखे दिसणारे दोन शब्द आहेत. इंग्रजीत चेंडू मारायची बॅट आणि वटवाघूळ अशीच एकमेकांना अनोळखी. ‘रन’चे अर्थ तसे नाहीत, त्यांचे नाते शोधले की सापडते.

अमेरिकन अभ्यासक जॉर्ज झिप्फ यांनी १९४५ मध्ये दाखवले की शब्द जितका जास्त वापरात, तितके त्याचे अर्थ जास्त. हे सोयीचेच आहे. प्रत्येक अर्थाला वेगळा शब्द ठेवायचा म्हटले तर बोलणाऱ्याच्या डोक्यावर ओझे होईल, आणि एकाच शब्दात सगळे कोंबले तर ऐकणारा वैतागेल. भाषा या दोघांच्या मधला तोडगा काढते.

ऐकणारा हा तोडगा कसा सांभाळतो, हेही तपासले गेले आहे. डेव्हिड स्विनी यांनी १९७९ मध्ये प्रयोग केला. त्यातला एक शब्द होता ‘बग्ज’. त्याचा अर्थ किडेही होतो आणि हेरगिरीसाठी लपवलेले ध्वनिग्राहकही. संदर्भ स्वच्छपणे किड्यांचा असला तरी शब्द कानी पडल्याच्या क्षणी ऐकणाऱ्याच्या मनात दोन्ही अर्थ जागे होत. तीन-चार अक्षरे पुढे ऐकेपर्यंत मात्र नको असलेला अर्थ विझलेला असे. म्हणजे निवड आपण करतोच, पण ती इतकी झटपट होते की आपल्याला तिचा पत्ता लागत नाही.

यंत्रांनी भाषांतर करावे असा विचार सुरू झाला तेव्हा हीच अडचण पहिल्यांदा आडवी आली. वॉरन वीव्हर या अमेरिकन गणितज्ञाने १९४९ च्या आपल्या टिपणात एक साधी युक्ती मांडली. पुस्तकाच्या पानावर जाड कागद ठेवा आणि त्याला एकच शब्द दिसेल एवढे भोक पाडा. त्या भोकातून पाहिले तर अनेकार्थी शब्दाचा अर्थ सांगताच येणार नाही. आता भोक डावी-उजवीकडे थोडे थोडे मोठे करत चला. दोन्ही बाजूंचे काही शब्द दिसू लागले की अर्थ आपोआप पक्का होतो. आजची भाषांतर करणारी संगणकीय साधनेही, कितीतरी मोठ्या प्रमाणावर, शेजारचे शब्दच पाहतात.

याचा पडताळा घ्यायला इंग्रजीची गरज नाही. आपल्याकडे ‘लागणे’ आहे. ठेच लागते, आग लागते, झोप लागते, नोकरी लागते, निकाल लागतो, सिनेमा लागतो, लग्न लागते, चष्मा लागतो, फोन लागतो, नजर लागते. तळाशी दूध लागते, बासुंदी गोड लागते, तो माझा चुलत मामा लागतो, आणि एवढे सगळे समजावून सांगायला वेळ लागतो. पोरगे बोलायला लागते तेव्हा सुरुवात होते, आणि तालुक्याला जावे लागते तेव्हा सक्ती होते. ‘गाडी लागली’ यात तर एकच वाक्य दोन घरचे. फलाटावर उभे असाल तर गाडी आली, घाटात बसलेले असाल तर ओकारी आली. ऑक्सफर्डच्या कोशाची कल्पना पुढे आली त्या १८५७ मध्येच मोल्सवर्थच्या मराठी-इंग्रजी कोशाची दुसरी आवृत्ती निघाली. जुन्या कोशांतली अशा क्रियापदांची पाने चाळली की ‘रन’चे अप्रूप बरेच कमी होते.

म्हणून इंग्रजी शिकणाऱ्या मुलाच्या वहीत ‘रन म्हणजे धावणे’ एवढी एकच ओळ असेल तर ती अपुरी आहे, आणि खाली अर्थांची लांबलचक यादी जोडूनही काम भागणार नाही. यादी परीक्षेनंतर विसरली जाते. त्याऐवजी नाक, नळ, दुकान, पंखा, निवडणूक असा एकेक सोबती घेऊन ‘रन’ची पाच-सहा पुरी वाक्ये लिहावीत. दुसऱ्या राज्यातून आलेल्या शेजाऱ्याला मराठी शिकवतानाही ‘लागणे म्हणजे टू टच’ असे सांगून मोकळे होऊ नये. त्याला भूक लागल्यापासून सुरुवात करावी.